हलक्या जेवणासोबत वाइनऐवजी काय? गोड नको, पचपचीतही नको

घारापुरी

रात्रीचं जेवण हलकं आहे: तव्यावरचा पापलेट, मुगाचं धिरडं, पालेभाजी-भाकरी किंवा नुसतं सॅलड. सोबत वाइनचा पेला नको (कारण ज्याचं त्याचं), पण नुसतं पाणीही नको. अशा वेळी काय प्यावं, यासाठी हा धागा.

आधी हिशेब मांडतो, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. कोरड्या वाइनमध्ये साखर जवळजवळ नसतेच. युरोपीय नियमांनुसार 'ड्राय' म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, आणि आंबटपणा जास्त असेल तर ९ पर्यंत मुभा. १५० मिलीच्या पेल्यात बहुधा अर्धा-पाऊण ग्रॅम. कॅलरी येतात त्या अल्कोहोलच्या. वाइन १३ टक्क्यांची असेल तर त्या पेल्यात १५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १०५-११० कॅलरी. आता वाइन सोडली आणि तेवढाच डाळिंबाचा रस घेतला, तर अल्कोहोल गेलं आणि १८-२० ग्रॅम साखर आली. मधुमेह असणाऱ्यासाठी ही आगीतून फुफाट्यात उडी.

१०० मिलीतली साखर, ढोबळ आकडे: द्राक्षाचा रस १५ ग्रॅम, कोला साडेदहा, नीरा १० च्या वर, टॉनिक वॉटर ८ च्या आसपास (कडू लागतं म्हणून लोक फसतात), शहाळ्याचं पाणी ३ ते ५, एका वाटी दह्याला तीन वाट्या पाणी घातलेलं ताक १.

अट एकच: एका पेल्यात ३ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. कृत्रिम गोडीही नको. ती घातली की पेय पुन्हा सरबताच्याच वळणावर जातं.

आमसूल

वाइन जेवणात नेमकं काय करते ते धरलं की पर्याय आपोआप सुचतात. आंबटपणा तोंडातलं तेल कापतो. तुरटपणा पुढच्या घासासाठी जीभ कोरडी करतो. वास असतो, थोडा जडपणा असतो. बाटलीतल्या सरबतात यातलं फक्त आंबट असतं, तेही साखरेखाली गाडलेलं.

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं उत्तर कोकम. पण कोकम सरबताचा पाक नव्हे. पाकात वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास साखर असते, ३० मिलीतच वीस ग्रॅमच्या वर जाते. वापरायची ती सुकी आमसुलं.

५०० मिली कोमट पाण्यात १०-१२ आमसुलं ४० मिनिटं भिजवा. हाताने कुस्करा, गाळा. पाणी उकळू नका, रंग मळतो आणि चव शिजल्यासारखी होते. त्यात भरड कुटलेली मिरी ६-७ दाणे आणि भाजलेलं जिरं पाव चमचा घालून दहा मिनिटांनी पुन्हा गाळायचं. जिऱ्याची पूड पेल्यात राहिली की पेय लगेच चाटच्या गाडीवरचं लागतं. ते वाईट नाही, पण पापलेटसोबत नको.

आमसुलं घेताना हातात दाबून पाहा. मऊ, चिवट, काळपट जांभळी हवीत. कडक आणि तपकिरी असली तर जुनी आहेत, आंबट लागतील पण वास गेलेला असेल. दादर, गिरगाव, पार्ले इथल्या कोकणी मालाच्या दुकानांत सुटी मिळतात, तिथे हात लावून घेता येतं. भिजवायला काच किंवा स्टील. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं पितळ तर अजिबात नको.

सोलकढी हलक्या जेवणाला जड होते अशी तक्रार असते. ती नारळाच्या पहिल्या दुधामुळे. घट्ट दूध दुसऱ्या कशाला तरी ठेवा आणि सोलकढीला दुसरं, पातळ दूध वापरा: ४०० मिली दूध, ३५-४० मिली आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लसणाची एक मोठी पाकळी, अर्धी मिरची, कोथिंबिरीच्या काड्या. लसूण-मिरची ठेचून दुधात वीस मिनिटं ठेवा आणि गाळून टाका. सोलकढी फाटते ती दोन कारणांनी. एक, नारळ गरम पाण्यात वाटून दूध गरम असतानाच आगळ ओतलं. दोन, खूप आधी करून फ्रिजमध्ये ठेवली: खोबऱ्याचं तेल थंडीत गोठतं आणि वर पांढऱ्या कण्या येतात. दुसऱ्या प्रकारात ती बिघडलेली नसते, बाहेर काढून ढवळली की चालते.

नारळच नको असेल तर फुटी कढी. वरचंच आमसुलाचं पाणी, त्यावर अर्धा चमचा तेलात हिंग, मोहरी, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी. पावसाळ्यात कोमट, छोट्या वाटीतून. मऊभात किंवा खिचडी असेल तर याच्यापुढे वाइनची आठवणही येत नाही.

मीठभाकर

आगळाबद्दल सावध. त्यात मीठ टिकवण्यासाठीच घातलेलं असतं आणि भरपूर असतं. १५० मिली पाण्यात १५ मिली आगळ घातलं तर वरून चिमूटभरही मीठ नको. रक्तदाब असेल तर आगळ सोडा, सुकी आमसुलं घ्या. त्यांवर पांढरी भुकटी दिसली तर तेही मीठच, आधी एकदा पाण्यातून काढा.

साखर टाळताना मीठ वाढतं, याकडे कुणी बघत नाही.

चहाटळ

आमसूल यांनी तुरटपणाचा उल्लेख केला आणि पुढे कोकमावरच थांबले. कोकमात आंबट भरपूर, तुरट कमी. तुरट हवं तर चहा. दुधाशिवाय, साखरेशिवाय. नाकं मुरडण्याआधी पुढे वाचा.

पांढऱ्या वाइनच्या जागी: दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश (वसंतातली पहिली तोडणी) किंवा चांगला हिरवा चहा, एक लिटर गार पाण्याला ८ ग्रॅम, झाकून फ्रिजमध्ये ८ तास. गाळा, संपलं. गार पाण्यात तुरट द्रव्यं कमी उतरतात आणि वास जास्त जाणवतो, म्हणून चव गुळगुळीत लागते. गाळताना पत्ती पिळू नका, सगळी कडवट चव त्या शेवटच्या पिळण्यात असते. आणि ओट्यावर ठेवून 'कोल्ड ब्रू' करू नका. मुंबईत ओट्यावरचं तापमान ३० अंशांच्या वर असतं. तिथे चहाबरोबर जंतूही वाढतात.

याला जोड म्हणून गवती चहाची एक पात गाठ मारून, किंवा लिंबाच्या सालीची पातळ पट्टी. सालीचा आतला पांढरा भाग काढलाच पाहिजे. आंबटपणासाठी एप्रिल-मेमध्ये कैरी: ५० ग्रॅम किसून त्याच लिटरभर चहात शेवटचे दोन तास. कैरी कच्ची, कडक, आतून पांढरी घ्या. पिवळसर झाली की साखर चढायला लागलेली असते.

पाण्याबद्दल दोन शब्द. भातसा, तानसा, वैतरणा तलावांतून येणारं पालिकेचं पाणी मृदू असतं आणि मृदू पाण्यात चहा उत्तम उतरतो. या बाबतीत मुंबईकर नशीबवान. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर तोच चहा मळकट आणि सपाट लागेल. चहाला दोष देऊ नका.

लाल वाइनच्या जागी काय, ते वेगळ्या पोस्टमध्ये लिहितो. ती लांबणार आहे.

अंबरनाथ_लोकल

अल्कोहोल काढलेली वाइन मोठ्या दुकानांत मिळते हल्ली. तिचं काय?

घारापुरी

मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. अल्कोहोल काढताना वासही जातो आणि जडपणाही. ती पोकळी भरायला बरेच उत्पादक द्राक्षाचा रस किंवा साखर घालतात. त्यामुळे मूळ वाइन कोरडी असली तरी ही बाटली १०० मिलीला ४-५ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. दोन पेले म्हणजे १५ ग्रॅम. 'टोटल शुगर्स' ही ओळ शोधायची, पुढच्या बाजूचं 'ड्राय' हे अक्षर नव्हे.

एफएसएसएआयच्या (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमात द्रवासाठी 'लो शुगर' म्हणजे १०० मिलीला २.५ ग्रॅमपर्यंत, 'शुगर फ्री' म्हणजे ०.५ पर्यंत. 'नो ॲडेड शुगर' या शब्दांना मात्र असा आकडा नाही. फळाची मूळ साखर कितीही असली तरी ते छापता येतं. शंभर टक्के सफरचंदाच्या रसावरही ते खरंच असतं!

बुडबुड्यांची घेणार असाल तर 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, पण 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे १२ ते १७. नाव उलटं वाटतं, पण तसंच आहे.

बरणी

आंबवलेल्या पेयांचा विषय अजून निघाला नाही, म्हणून लिहिते. वाइनचा खोलपणा मुळात आंबवण्यातून येतो, त्यामुळे त्याच वाटेने गेलं की चव सगळ्यात जवळ पोचते.

कांजी. काळी गाजरं मुंबईत सहज मिळत नाहीत. हिवाळ्यातली लाल गाजरं १५० ग्रॅम आणि बीट १०० ग्रॅम, बोटाएवढे तुकडे. पाणी एक लिटर, उकळून पूर्ण गार केलेलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आंबवणाऱ्या जंतूंना मारतं, म्हणून उकळायचं. मोहरी १५ ग्रॅम भरड दळून, मीठ १८ ग्रॅम, तिखट अर्धा चमचा. काचेची किंवा चिनी मातीची दोन लिटरची बरणी, तोंडाला मलमलचं फडकं. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा. जानेवारीत ४-५ दिवस, एप्रिलमध्ये दोनच. दुसऱ्या दिवसापासून चाखत राहा, आंबट झाली की गाळून फ्रिजमध्ये. भाज्यांतली साखर जंतू खातात आणि तिचं आम्ल करतात, म्हणून कांजीत साखर फारशी उरत नाही.

बिघडते कशी? पाणी तार धरतं, चिकट होतं: मीठ कमी पडलं किंवा बरणी फार उष्ण जागी होती. वर पातळ, सपाट पांढरा पापुद्रा: काढून टाकता येतो, पण चव उतरते. हिरवे, काळे, केसाळ ठिपके: सगळं ओतून द्या, वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका. मोहरी कडू लागली तर ती फार बारीक दळली गेली.

कोंबुचाबद्दल (आंबवलेला गोड चहा) मी उलट सांगेन. एक लिटर चहाला ६ ग्रॅम पत्ती, ७० ग्रॅम साखर, १०० मिली आधीचं आंबट पाणी आणि स्कोबी (यीस्ट आणि जंतूंची चिवट चकती, म्हणजे विरजण). मुंबईच्या हवेत ५ ते ७ दिवस. साखर कमी करून किंवा स्टीव्हिया घालून चालत नाही, कारण यीस्टला खायला साखरच लागते. सातव्या दिवशी त्यातली बरीच शिल्लक असते आणि आंबटपणामुळे ती जिभेला कळत नाही. किती उरली ते घरी चवीवरून ठरवता येत नाही, म्हणून 'कमी साखर' या धाग्यात कोंबुचा बसत नाही. अल्कोहोलही ०.५ टक्क्याच्या वर जाऊ शकतं, त्यामुळे गरोदर बायकांनी आणि अल्कोहोल पूर्ण सोडलेल्यांनी घेऊ नये. प्यायचाच तर अर्धा सोडा घालून.

मीठभाकर

कांजीचं गणित करा, बरणीताई. लिटरला १८ ग्रॅम मीठ. १५० मिलीच्या पेल्यात अडीच ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. एका पेल्यात निम्मा कोटा संपला.

बरणी

बरोबर आहे, लिहायचं राहिलं. मीठ कमी केलं तर कांजी बिघडते, म्हणून कमी करायचा तो पेला: ५० मिली कांजी, १०० मिली गार सोडा, लिंबाची फोड. मोहरीचा झणका एवढा असतो की पातळ करूनही चव पुरते. ज्वारीची भाकरी आणि वांग्याच्या भरताला झकास. वाफवलेल्या माशासोबत मात्र नको, मोहरी मासा झाकून टाकते. रक्तदाबावर औषध चालू असेल तर कांजी नकोच.

चहाटळ

लाल पेल्याची पोस्ट. साधारण ५०० मिली.

नीलगिरीचा काळा चहा ४ ग्रॅम, ९० अंशांच्या आसपासचं पाणी (उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा), ४ मिनिटं. गाळलेल्या गरम चहातच लाल अंबाडीच्या बोंडांच्या सुकवलेल्या पाकळ्या ३ ग्रॅम, लवंगा २, ठेचलेली मिरी ६ दाणे, दालचिनीचा पेराएवढा तुकडा. दहा मिनिटांनी पुन्हा गाळा. लवंग जास्त वेळ राहिली तर दातदुखीच्या औषधाचा वास येतो. चिमूटभर मीठ. मग बाहेरच गार होऊ द्या, तासाभराने फ्रिजमध्ये.

चहा लगेच फ्रिजमध्ये ढकलला तर गढूळ होतो. त्यातली तुरट द्रव्यं आणि कॅफीन गारठ्यात एकत्र येऊन तरंगतात. आसामच्या कडक चहात हे जास्त होतं, नीलगिरीत कमी, म्हणून नीलगिरी. गढूळ झालाच तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून ढवळा, बराचसा निवळतो.

आता जडपणा. हे नीट केलं नाही तर पेय पाण्यासारखं घशाखाली जातं आणि लोक म्हणतात 'मजा नाही'. बाभळीचा खायचा डिंक, लाडवातला, कच्चा. १ ते दीड ग्रॅम कुटून अर्धी वाटी कोमट पाण्यात तासभर ठेवा, पूर्ण विरघळतो, फडक्यातून गाळून पेयात मिसळा. वाइन बनवणारेही जिभेवरचा पोत सुधारायला बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा डिंक वापरतात, तिकडे त्याला गम अरेबिक म्हणतात. कतिरा डिंक नको, तो विरघळत नाही, फुगतो आणि पेल्यात जेली तरंगते.

बर्फ घालू नका. अतिगार झालं की तुरटपणा टोचतो आणि वास मरतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी ओता, मे महिन्यात पाच. पेला खरा वाइनचाच घ्या, तिसऱ्या भागापर्यंत भरा. नाकाला जागा मिळाली की निम्मं काम झालं.

सोबत: भाजलेलं पनीर, मशरूम, मसुराची उसळ, कोंबडीचा सुका प्रकार. कांदेपोह्यांना हे जड पडतं, तिथे आमसूल यांचं कोकमच.

आमसूल

अंबाडीबद्दल भर. ही भाजीच्या अंबाडीची भावंडं, लाल बोंडांची जात. हिवाळ्यात ताजी दिसतात. दुकानात 'हिबिस्कस टी' म्हणून जे असतं ते बहुधा हेच, आपली दारातली जास्वंद वेगळी, तिला हा आंबटपणा नाही. अंबाडीने रक्तदाब थोडा खाली येऊ शकतो, औषध घेणाऱ्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि चहाबद्दल: जेवताना चहा घेतला की भाजी-डाळीतलं लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर चहाचा पेला जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर, जेवताना कोकम किंवा लिंबू.

पार्ले_पूर्व

बाहेर जेवताना काय मागवायचं ते कुणीच लिहिलं नाही. फ्रेश लाइम सोडा 'सॉल्टेड' सांगा. 'स्वीट अँड सॉल्ट' म्हटलं की पाक आलाच. 'लेस शुगर' म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक वेटर वेगळा लावतो. 'पाक अजिबात नको' म्हणा. मालवणी खानावळीत सोलकढी मागवण्याआधी साखर घालतात का विचारा, काही ठिकाणी घालतात. पियुष म्हणजे पातळ श्रीखंड, तिकडे बघायचंच नाही. आइस टी बहुतेक ठिकाणी तयार पावडरीचा आणि गोडच असतो. व्हर्जिन मोहितो पाकाशिवाय करून मागितला तर पुदिना-लिंबू-सोडा उरतो, तो चांगला लागतो. जिरं-मीठ घातलेलं साधं ताक तर जवळपास सगळीकडे मिळतं.

बरणी

जांभळाचा हंगाम येतोय म्हणून एक. जांभूळ तुरट असतं, त्यामुळे लाल वाइनच्या जागी फार शोभतं. २०० ग्रॅम पिकलेली जांभळं, बिया काढून, कुस्करून, २५० मिली व्हिनेगरमध्ये. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ४ दिवस, मग गाळा. साखर अजिबात घालायची नाही. १५ मिली अर्क, १५० मिली सोडा. फळातून येणारी साखर पेल्याला ग्रॅमभर. व्हिनेगर घेताना लेबल पाहा: किराणा दुकानातलं स्वस्त पांढरं बहुधा 'सिंथेटिक' असतं, त्याने नाकात झणझणतं आणि जांभूळ हरवतं. उसाचं किंवा सफरचंदाचं घ्या. एप्रिल-मेमध्ये हीच कृती करवंदांना.

हे पातळ केल्याशिवाय पिऊ नये आणि प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत, आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं.

अंबरनाथ_लोकल

आमसुलाच्या पाण्यात सोडा घातला तर लाल रंग जांभळट झाला, शिवाय सगळं फेसाळून ओट्यावर. काय चुकलं?

आमसूल

दोन वेगळ्या गोष्टी. क्लब सोड्यात बऱ्याचदा सोडियम बायकार्बोनेट असतं, त्याने आंबटपणा थोडा मारला जातो आणि कोकमाचा रंग आम्ल कमी झालं की जांभळ्याकडे सरकतो. लिंबाचे ५-६ थेंब घाला, लाल परत येईल. पुढच्या वेळी लेबलवर फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड लिहिलेला सोडा बघा.

फेस आला कारण मीठ किंवा जिरेपूड सोड्यात वरून टाकली असणार. प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात. मीठ आधी आमसुलाच्या पाण्यात पूर्ण विरघळवा, पाणी आणि सोडा दोन्ही फ्रिजइतके गार असू द्या, पेला तिरका धरून सोडा कडेने ओता. आणि सोडा घालायचा असेल तर आमसुलाचं पाणी तिप्पट दाट करा: तेवढ्याच १२ आमसुलांना १७० मिली पाणी, मग एक भाग हे आणि दोन भाग सोडा.

अंबरनाथ_लोकल

लिंबाने रंग आला. दाट अर्क किती दिवस टिकतो?

आमसूल

मीठ न घालता फ्रिजमध्ये तीन दिवस. चौथ्या दिवशी वास घेऊन ठरवा. जास्त हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक खडा साधारण २५ मिली. पेल्याला दोन खडे, वर १०० मिली सोडा.